एक्सपीवाल्या जुन्या मशीनची अख्खी हार्डडिस्क घरच्या नेटवर्कवरून वर कशी आणू?

जुनी_इंदूर (इंदूर), ४ जून, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबट आहे, पण अर्धवट सांगितला तर तुम्ही उलट दहा प्रश्न विचाराल, म्हणून सगळंच लिहिते.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर. खालच्या खोलीत सासऱ्यांचा डीटीपीचा संगणक आहे. आम्ही त्यांना नाना म्हणतो, वय ७९. पूर्वी छपाईचं ट्रेडल मशीन होतं, ते विकून २००४ साली हा घेतला: पेंटियम फोर, १ जीबी रॅम, ८० जीबीची आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) हार्डडिस्क, विंडोज एक्सपी. ५२ जीबी भरलेली आहे. लग्नाच्या नि मुंजीच्या पत्रिका, गणेशोत्सवाची पत्रकं आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आमच्या घराण्याचा कुळवृत्तान्त. तो नाना बावीस वर्षं जुळवताहेत आणि तो अजून ‘प्रेसला जायच्या बेतात’ आहे. त्यात माझं माहेर ‘देवास’ छापलंय. मी ग्वाल्हेरची. बारा वर्षं सांगतेय. ‘पुढच्या प्रुफात बघू.’

नुसत्या फाइली उचलून भागत नाही. सगळं काम पानं जुळवायच्या पेजमेकरमध्ये, आणि टाइप होतं ते एका जुन्या मराठी फॉण्टच्या सॉफ्टवेअरवर. ते प्रिंटरच्या पोर्टला डोंगल, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची किल्ली असलेली डबी, लावलं तरच चालतं. युनिकोडचा पत्ता नाही. सेटअपच्या सीडीवर बुरशीची नक्षी उमटली आहे. म्हणजे ही डिस्क गेली की नुसत्या फाइली हातात राहतील आणि त्या उघडतील तिथे ‘श्री’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल.

आता तुम्ही म्हणाल, डिस्क काढा आणि दुसऱ्या मशीनला लावा. ते होणे नाही. २०१६ साली एका दुकानदाराने मशीन ‘सर्व्हिसिंग’ला नेलं आणि फॉरमॅट करून आणून दिलं, वर ‘एकदम फास्ट कर दिया’ म्हणाला. डीव्हीडीवरून बरंचसं परत मिळालं, पण दोन वर्षांच्या पत्रिका आणि वृत्तान्ताची चाळीसेक पानं गेली ती गेलीच. तेव्हापासून नानांचा हुकूम आहे: पेटी उंबऱ्याबाहेर जाणार नाही आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन कोणी आत येणार नाही.

पुढचे यूएसबी पोर्ट तुटलेत, मागचा पेनड्राइव्ह मध्येच सोडून देतो. पण तीन वर्षांपूर्वी प्रिंटरसाठी वरच्या राउटरपासून खालपर्यंत लॅनची केबल ओढलेली आहे, ती शाबूत आहे. वर माझा विंडोज ११ चा लॅपटॉप आणि २ टीबीची एक्स्टर्नल डिस्क. लॅपटॉपवर फोल्डर शेअर केलं. खालून पिंग (मशीन पोहोचतं का ते बघायची हाक) जातं, पण फोल्डर उघडायला गेलं की ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’. भाचा म्हणतो, लॅपटॉपमध्ये एसएमबी १ नावाचं काहीतरी चालू कर, लगेच उघडेल. करू का? आणि उघडलं तरी चालू विंडोज अशी कॉपी होते का?

घाई अशासाठी की महिनाभर डब्यातून कट् कट् आवाज येतोय. नाना म्हणतात, ‘वयाप्रमाणे सांधे वाजायचेच.’

---

पोहे_जलेबी (इंदूर), ४ जून, रात्री ११.२०

ताई, एवढं काय करून राहिलात? एखाद्या क्लाउडवर टाका ना सगळं. वायर नको, डिस्क नको.

---

जुनी_इंदूर, ४ जून, रात्री ११.३५

अरे बाबा, एक्सपीतल्या ब्राउझरमध्ये आजकालच्या निम्म्या साइट उघडतच नाहीत, सुरक्षित जोडणीच जमत नाही त्याला. आणि फुकटात गूगल ड्राइव्ह देतो १५ जीबी, माझे ५२. बरं, फाइली वर चढवल्या तरी डिस्क जशीच्या तशी कुठे चढते? ते सॉफ्टवेअर तर खालीच राहिलं.

---

लष्करवाले_काका (ग्वाल्हेर), ५ जून, सकाळी ६.१०

सूनबाई, माहेरच्या माणसाचं ऐका आणि एसएमबी १ ला हात लावू नका.

विंडोजमध्ये फोल्डर शेअर होतं ते एसएमबी नावाच्या बोलीतून. एक्सपीला तिची पहिलीच आवृत्ती येते. विंडोज १० च्या २०१७ च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून ती आपोआप बसवली जात नाही. तुमच्याकडे पिंग जातं आणि फोल्डर उघडत नाही ते यामुळेच: तार ठीक आहे, दोघांची भाषा जुळत नाही. आणि ती काढली ते उगीच नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्रॅम पसरला तो त्याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, तरी त्या वेळी मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी मुद्दाम दुरुस्ती काढावी लागली, यावरून समजा. मी तेव्हा टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन चार महिने झाले होते. जुन्या ऑफिसातून फोनवर फोन, ‘साहेब, सगळ्या फाइलींना कुलूप लागलंय.’ बॅकअप होता, पण शेजारच्याच मशीनवर, त्याच नेटवर्कात, कायम जोडलेला. त्यालाही कुलूप.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. चालू एक्सपीतून ड्रॅग करून आणलं तर फाइली येतील, विंडोज येणार नाही. वापरात असलेल्या फाइली तो उचलू देत नाही, आणि बूट सेक्टर (ज्यावरून मशीन सुरू होतं तो डिस्कचा भाग) तर फोल्डरात दिसतही नाही. तुम्हाला हवी डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट तिची हुबेहूब नक्कल.

माझा सल्ला असा की एक्सपी चालूच करू नका. क्लोनझिला नावाचं फुकट साधन आहे, लिनक्सवर चालणारं. त्याची ३२ बिटची, जुन्या मशीनवर चालणारी आवृत्ती उतरवून सीडीवर लिहा (तुमचे यूएसबी रुसलेत म्हणून सीडी) आणि मशीन त्या सीडीवरून बूट करा. मग समोर विंडोज नसतंच. डिस्क निवांत पडलेली असते, तिच्यातली एकही फाइल वापरात नसते. आणि क्लोनझिलाला एसएमबीच्या नव्या बोली येतात, त्यामुळे लॅपटॉपला जुन्या बोलीवर यावं लागत नाही. डबाही उघडावा लागत नाही, नानांचा हुकूम पाळला जाईल.

पण थांबा. आधी तो कट् कट्. डिस्क मरायला टेकली असेल तर एवढा लांब वाचनाचा ताण तिचा शेवटचा ठरू शकतो. क्लोनझिला सुरू झाल्यावर कमांड लाइनवर जाता येतं. तिथे डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल चालवून दोनच आकडे बघा: ‘रिअलोकेटेड सेक्टर’ (बाद करून बदललेल्या जागा) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचताना अडलेल्या जागा). पेंडिंग शून्य असेल तर पुढे चला. शेकड्यांत असेल तर क्लोनझिला बाजूला ठेवा आणि इथे येऊन सांगा. मग डीडीरेस्क्यू वापरायचं. ते वाचता येणारा भाग आधी उचलून घेतं, अडलेल्या जागा टिपून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याशी झगडतं.

आणि विंडोजची डिस्क दुरुस्त करणारी चेकडिस्क तोवर चालवायची नाही. आजारी डिस्कवर ती लिहायला लागते.

---

दांडियाबाजार (वडोदरा), ५ जून, दुपारी १.४०

काकांशी सहमत. दोन लहान ऑफिसांचं हेच काम करतो, म्हणून लॅपटॉपच्या बाजूचे खड्डे सांगतो. क्लोनझिला सोपं आहे, लोक अडकतात ते विंडोजपाशी.

ताई, तुम्ही लॅपटॉप पिन टाकून उघडत असणार. तो पिन शेअरिंगला चालत नाही. लॅपटॉपवर एक वेगळा लोकल युजर करा, नाव साधं आणि इंग्रजीत, पासवर्ड खराखुरा. एक्स्टर्नल डिस्कवर एक फोल्डर करून फक्त त्या युजरला लिहायची मुभा द्या. हे नाही केलं तर क्लोनझिला ‘माउंट एरर १३’ म्हणेल आणि तुम्ही केबलला शिव्या द्याल. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे का तेही बघा. ‘पब्लिक’ असेल तर फायरवॉल दारातूनच परत पाठवते. एक्स्टर्नल डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. फॅट ३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही.

वेगाचं गणित: नानांच्या मशीनचं कार्ड १०० एमबीपीएसचं असणार. आठने भागा, साडेबारा एमबी सेकंदाला. हातात पडतात अकरा. क्लोनझिला रिकामी जागा सोडून फक्त भरलेला भाग वाचतं, म्हणजे ५२ जीबीला ऐंशी मिनिटं धरा. वर पेंटियम फोरला सगळा डेटा दाबून लहान करायचं काम आहे, तो दमणार, तेव्हा दोन तास म्हणू. पण हे लॅपटॉपसुद्धा केबलने राउटरला जोडला तर. जुन्या वाड्यांच्या दोन दोन फुटी भिंतींत वायफायचा काय निकाल लागतो ते मला ठाऊक आहे, आमचंही घर तसंच.

मेनूत ‘डिव्हाइस-इमेज’, मग सांबा सर्व्हर (सांबा म्हणजे लिनक्सला एसएमबी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर), मग लॅपटॉपचा आयपी पत्ता, युजर, फोल्डर. पुढे ‘सेव्हडिस्क’. खाली ‘रिस्टोरडिस्क’ असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. ते उलट दिशेने लिहितं आणि २०१६ पुन्हा होईल. शेवटी ‘इमेज तपासू का’ असं विचारतं, हो म्हणा, वेळ लागला तरी.

एक्सपी नीट शट डाउन करून मगच सीडी घाला. हायबरनेट केलेलं चालणार नाही.

---

जुनी_इंदूर, ७ जून, रात्री ११.४५

आधी निकाल: झालं. आता कसं ते.

काकांचे आकडे: रिअलोकेटेड ६, पेंडिंग ०. म्हणजे डिस्क म्हातारी आहे पण शुद्धीवर आहे. मग कट् कट् कसला? त्याचं पुढे येईल.

शुक्रवारी मी शहाणपणा केला. लॅपटॉप पातळ, त्याला लॅनचं भोकच नाही, अडॅप्टर आणायचा कंटाळा, म्हणून म्हटलं वायफायवर होऊन जाऊ दे. पहिल्यांदा एरर १३ आलाच (दांडियाबाजार, तुमच्या तोंडात साखर नाही, तिखट पडो). युजर केला, आत शिरले. पडद्यावर वेग आला मिनिटाला दीडशे एमबी आणि उरलेला वेळ पाच तास चाळीस मिनिटं. म्हटलं, चालू दे. जेवायला बसताना सवयीने लॅपटॉपचं झाकण मिटलं. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो हे मला माहीत नाही का? आहे. बी.एस्सी.च्या पोरांना गणित शिकवते मी. एकतीस टक्क्यांवर खाली लाल अक्षरांची रांग, आणि नाना शांतपणे म्हणाले, ‘तुझ्या यंत्राला डुलकी लागली वाटतं.’

आज सकाळी जेल रोडवरून साडेसहाशेचा यूएसबी-लॅन अडॅप्टर आणला, लॅपटॉप राउटरला जोडला, झोप बंद केली, झाकण उघडं ठेवून वर ‘हात लावू नये’ची चिठ्ठी. वेग मिनिटाला पाचशे वीसच्या आसपास. नाना खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले, दूध तापायला ठेवल्यावर बसावं तसे. मध्ये पोहे आले तेही तिथेच, कीबोर्डावर वाटी ठेवून. त्या कीबोर्डात बावीस वर्षांचं जिरावण (पोह्यांवरचा मसाला) आहे, ‘ज्ञ’ची कळ त्यामुळेच अडते असा माझा अंदाज. १ तास ४२ मिनिटांत संपलं. तपासणीही पास. ५२ जीबीची इमेज ३१ जीबीत बसली.

आणि कट् कट्. सगळं संपल्यावर नाना म्हणाले, ‘आता वर सगळं उतरलंय ना? मग उघड.’ दहा वर्षांत पहिल्यांदा. स्क्रू त्यांनीच काढले, स्क्रू ड्रायव्हर नव्हे, सुपारीच्या अडकित्त्याचं टोक. आतली एक चपटी केबल सैल होऊन प्रोसेसरच्या पंख्याला घासत होती. बोटभर बाजूला सारली, आवाज बंद. धूळ इतकी की गणपतीच्या मूर्ती पुसायचा ब्रश आणावा लागला.

सगळ्यांचे आभार. धागा बंद करायला हरकत नाही.

---

निळा_पडदा (इंदूर), ८ जून, सकाळी ९.०५

हरकत आहे. उलट फिरवून पाहिलंत का?

‘तपासणी पास’ याचा अर्थ फाइल वाचता येते. त्यातून मशीन उभं राहतं का, हा वेगळा प्रश्न. माझ्या एका अशिलाकडे (मी सीए, संगणकवाला नाही, पण मार्च महिन्यात सगळ्यांचा होतो) चार वर्षांच्या इमेजा रांगेत लावलेल्या होत्या, सगळ्या ‘डी’ ड्राइव्हच्या. टॅली ‘सी’वर. चार वर्षं कोणी एकदाही परत लावून बघितली नव्हती.

तुमच्याकडे दुसरी डिस्क नसेल तर लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाका, ते संगणकाच्या पोटात दुसरा खोटा संगणक उभा करतं. नवं मशीन, विंडोज एक्सपी, डिस्क ८० जीबीची. कंट्रोलर मात्र आयडीई निवडा. साटा (नंतरची जोडणी) ठेवलात तर एक्सपीला ड्रायव्हर सापडत नाही, तो कोसळतो आणि माझ्या नावाचा प्रसाद मिळतो. त्यात क्लोनझिलाची सीडी लावा आणि या वेळी ‘रिस्टोरडिस्क’. इथे बिनधास्त, कारण समोरची डिस्क खोटी आहे.

उभं राहिलं तर त्या खोट्या मशीनचं नेटवर्क तोडा. हार्डवेअर बदललं म्हणून एक्सपी ऍक्टिव्हेशन मागेल, घाबरू नका.

---

जुनी_इंदूर, १० जून, रात्री १०.१५

निळा पडदा, तुमचं म्हणणं मला दोन दिवस चावत होतं.

केलं. पहिल्या फेरीत साटाच राहिलं होतं, निळा पडदा आला, तुमची आठवण काढली. आयडीई केल्यावर टेकडीचं चित्र, ती ओळखीची धून. नाना शेजारी बसले होते. स्वतःचा डेस्कटॉप माझ्या लॅपटॉपच्या पोटात बघून त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, ‘मग खाली आता काय आहे?’ खालीही तेच आहे म्हटल्यावर खात्री करायला उतरले.

पेजमेकर उघडलं. कुळवृत्तान्त उघडला, पान २१४. अक्षरं सगळी जागच्या जागी, रफार, जोडाक्षरं, चौकटी, सगळं. आणि त्यात ‘माहेर: देवास’. इतक्या इमानदारीने आलंय की काय सांगू.

पण नवं टाइप होत नाही. फॉण्ट डिस्कवर आहेत म्हणून दिसतं आणि छापताही येतं. टायपिंगचं सॉफ्टवेअर मात्र डोंगल शोधतं. ती खाली प्रिंटरच्या पोर्टात खोचलेली. यूएसबीला प्रिंटरचं पोर्ट करणारी वायर मिळते ना, तिने काम होईल?

---

लष्करवाले_काका, ११ जून, सकाळी ५.५५

होणार नाही, पैसे वाचवा. ती वायर प्रिंटरशी बोलण्यापुरती असते. डोंगलला मदरबोर्डवरचं खरं पोर्ट लागतं, थेट पत्त्यावर हाक मारायला.

हे आधीच सांगायला हवं होतं, माझं चुकलं: डोंगल इमेजमध्ये येत नाही. ती डिस्कवर नसतेच. उद्या मदरबोर्ड गेला तर इमेज उतरवायला तसंच एखादं जुनं मशीन लागेल, मागे प्रिंटरचं पंचवीस पिनांचं पोर्ट असलेलं. भंगारात आत्ता मिळतात, पाच वर्षांनी शोधत बसाल. एक घेऊन माळ्यावर टाका. आणि तोवर वृत्तान्ताची पीडीएफ काढून ठेवा, वाचायला तरी कोणाचं तोंड बघावं लागणार नाही.

---

दांडियाबाजार, ११ जून, दुपारी २.२०

आणि रोजचं काय? इमेज ७ तारखेची. नाना ८ ला बसून पुन्हा कामाला लागले असणार. दर आठवड्याला सीडी घालून दोन तास मशीन अडवलंत तर ते तुम्हालाच उंबऱ्याबाहेर काढतील.

माझ्याकडे वडिलांच्या जुन्या मशीनसाठी असं केलंय. राउटरशेजारी एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा लिनक्सचा संगणक, पडलेला असतो, त्याला डिस्क जोडलेली. वडिलांच्या एक्सपीवर कामाचं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं शेअर केलंय. एक्सपी कुणाकडे काही पाठवत नाही, पायच ठरलेल्या वेळी येऊन घेऊन जातो. ते फोल्डर पायला जोडताना (माउंट करताना) एसएमबीची आवृत्ती १.० सांगावी लागते. ती जुनी बोली फक्त पाय बोलतो, तीही ऐकणारा म्हणून नाही तर विचारणारा म्हणून. तुमचा लॅपटॉप यात कुठेच येत नाही. वर राउटरमध्ये एक्सपीचं इंटरनेट बंद करून टाका, घरातल्या घरात फिरू दे.

उचलायला आरसिंक, फक्त बदललेलं तेवढं कॉपी करणारं साधन. १९९६ पासूनचं, आणि त्याचे एक कर्ते अँड्र्यू ट्रिजेल, ज्यांनी सांबाही लिहिलं. म्हणजे तुमचं अख्खं काम त्यांच्याच जिवावर चाललंय. त्यात ‘लिंक-डेस्ट’ नावाची सोय आहे: रोज तारखेचं नवं फोल्डर होतं, आत बघितलं तर सगळ्या फाइली दिसतात, पण न बदललेल्या फाइली कालच्याच असतात, नुसती दुसरी पाटी लावलेल्या. जागा खाते ती फक्त बदललेली फाइल. मात्र पायची डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी ४ मध्ये फॉरमॅट करा.

एक्सपी येऊन लिहीत नाही याचा फायदा काकांच्या वॉनाक्रायच्या गोष्टीत आहे. खालचं मशीन बिघडलं तरी त्याला पायवरचे जुने दिवस पुसता येत नाहीत.

---

पोहे_जलेबी, ११ जून, दुपारी ४.००

रोबोकॉपी या कॉपी करायच्या कमांडच्या ‘मिरर’ने दोन ओळींत होतं की हे. विंडोजमध्येच येतं.

---

लष्करवाले_काका, ११ जून, संध्याकाळी ७.३०

बेटा, तसं मीही केलं होतं. मुलीच्या लग्नाचे फोटो, मूळ डिस्कवर आणि रोज रात्री दोन वाजता मिरर. एक दिवस फोल्डर नीट लावताना माझ्याच हाताने ‘रिसेप्शन’ उडालं, माझ्या लक्षातही आलं नाही. मिररच्या बरोबर लक्षात आलं. मूळ जागी नाही ते नकलेतही नको, हेच तर त्याला सांगितलेलं असतं. दोन वाजून तीन मिनिटांनी माझ्याकडे रिसेप्शन दोन्हीकडे नव्हतं. जावयांच्या मित्राकडे अर्धे सापडले.

बायको अजून म्हणते, तरी बरं, मंगलाष्टकं वाचली.

---

जुनी_इंदूर, १९ जून, रात्री ९.४०

पाय आला. बसवायला शनिवार गेला, भाच्याने मदत केली (एसएमबी १ चा विषय त्याने स्वतःहून काढला नाही). वेळ ठेवली दुपारी चारची. नाना मशीन रात्री आठला बंद करून वर कापडी खोळ घालतात, म्हणून मध्यरात्रीची वेळ कामाची नाही. चारला ते चहाला उठतात. तेवढ्यात पाय येऊन जातो.

काकांच्या सांगण्याप्रमाणे प्रिंटरच्या पोर्टाचं एक मशीनही घेतलं, बाराशेला. इमेज त्यावर अजून उतरवलेली नाही, मे महिन्याच्या सुट्टीवर टाकलंय. इमेजची आणखी एक प्रत उज्जैनला नणंदेच्या कपाटात गेली. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराचा तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत घराबाहेर हा हिशेब निळ्या पडद्याने मला खासगी निरोपात पाठवला होता. नणंदेने ती डिस्क पैठण्यांमध्ये ठेवली आहे, म्हणजे निदान डांबराच्या गोळ्या तरी आहेत.

आज नानांनी मला खाली बोलावलं. म्हणाले, तुझा तो खोका खरंच रोज येतो की तू म्हणतेस म्हणून? काल काहीतरी बदललंय, शोधून दाखव.

लॅपटॉपवर १७ तारखेचं फोल्डर उघडलं, वृत्तान्ताची फाइल खोट्या एक्सपीत नेली, पान २१४: ‘माहेर: देवास’. मग १८ तारखेचं उघडलं. त्याच पानावर ‘ग्वाल्हेर’.

‘ज्ञ’ अजून अडतो.